तिकीट हाही उपचाराचाच भाग

अमडापूरच्या थांब्यावर सकाळी चिखलीकडे जाणारी एसटी थांबते. चढणाऱ्यांत कॉलेजची मुले असतात, बाजाराला निघालेली माणसे असतात आणि रिपोर्टची पिशवी छातीशी धरलेले एक-दोन रुग्णही असतात. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या या गावापासून चिखली वीसेक किलोमीटर आणि तिथून बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय जवळपास तेवढेच. निरोगी माणसाला हा किरकोळ प्रवास वाटेल. डायलिसिसवरच्या रुग्णाला मात्र तो आठवड्यातून दोन ते तीन वेळा करावा लागतो. यंत्रावर चार तास, प्रवासाचे तास वेगळे. तीन फेऱ्या झाल्या की आठवड्याचे सुमारे अडीचशे किलोमीटर होतात. रुग्णाची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही.

यातली एक फेरी चुकली तर शरीर थांबत नाही. पाणी साचत जाते, रक्तातले पोटॅशियम वाढते, धाप लागते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. क्षयरोगात हा धोका सावकाश येतो. औषधे किमान सहा महिने घ्यावी लागतात. मधेच खंड पडला तर उरलेले जंतू त्याच औषधांना दाद देईनासे होतात. अशा वेळी ‘रुग्णाने निष्काळजीपणा केला’ असा शेरा सहज मारला जातो. बस आली होती का, भाड्याला पैसे होते का, हे क्वचितच विचारले जाते.

उशिराचे तीन टप्पे

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी 1994 मध्ये मातामृत्यूंमागच्या उशिराचे तीन टप्पे मांडले. दवाखान्यात जायचे हे ठरवायला होणारा उशीर, तिथे पोहोचायला होणारा उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला होणारा उशीर. यातला दुसरा टप्पा पहिल्यालाही लांबवतो. वाहन मिळणार नाही हे ठाऊक असलेले घर ‘उद्या बघू’ म्हणते, आणि तो उद्या कधी कधी फार महाग पडतो.

शहरात अंतर मिटते का?

पोटासाठी शहर गाठलेल्या कुटुंबांना वाटते, निदान दवाखाना तरी जवळ आला. पण झोपडपट्टीत अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. जागतिक बँकेने 2004 च्या हिवाळ्यात बृहन्मुंबईतील 5 हजार कुटुंबांची पाहणी केली. कामावर जाणाऱ्यांपैकी 44 टक्के लोक पायी जात होते; गरिबांमध्ये हे प्रमाण 63 टक्के होते. बस-लोकलचे जाळे असलेल्या शहरातली ही स्थिती. गरीब माणूस काम शोधतो तेच पायी जाता येईल इतक्या अंतरावर.

आजारपणात हा हिशेब कोलमडतो. धडधाकट माणूस तिकिटाचे पैसे पायपीट करून वाचवतो. दम लागलेला वृद्ध, दिवस भरत आलेली बाई किंवा टाके ओले असलेला मजूर ते करू शकत नाही. मग रिक्षा, नाहीतर घरीच थांबणे. म्हणूनच बसभाड्यातले थोडे रुपयेही महत्त्वाचे ठरतात. बेस्टचे साध्या बसचे किमान भाडे जुलै 2019 मध्ये 8 रुपयांवरून 5 रुपये झाले होते. मे 2025 मध्ये ते 10 रुपये झाले. महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या शहरांत तर शहर बसच नाही. तिथल्या वस्त्यांना रिक्षा किंवा पाय हेच पर्याय.

सवलत आहे, पण बस?

एसटीने या बाबतीत बरेच केले आहे. डायलिसिसवरचे, सिकलसेल व हिमोफिलियाचे तसेच एचआयव्हीबाधित रुग्ण यांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे. कर्करुग्ण आणि क्षयरुग्णांना भाड्यात सवलत आहे. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून मोफत, तर महिलांना मार्च 2023 पासून अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. रुग्णांच्या सवलतीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते उपचार घेत असलेल्या सरकारी रुग्णालयात मागावे.

मात्र सवलतीला गाडीची जोड लागते. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला एसटी संप एप्रिल 2022 पर्यंत लांबला, तेव्हा खिशातली सवलत कुणाच्याच कामी आली नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. राज्याच्या जीवनदायी योजनेने उपचारांच्या पॅकेजमध्ये रुग्णाला घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरले. प्रवास हाही उपचाराचा खर्च आहे, हे त्यातून मान्य झाले. पण रुग्णालयापर्यंत येण्याचे भाडे रुग्णाकडेच राहिले.

काही बदलांना फारसा पैसा लागत नाही. पुढची तारीख देताना ‘तुमची गाडी किती वाजता?’ एवढे विचारता येते. सर्व तपासण्या एकाच दिवशी ठेवता येतात. प्रकृती स्थिर असेल तर रक्तदाब-मधुमेहाची औषधे एकदम महिनाभराची देता येतात. रुग्णांनीही अडचण लपवू नये. भाड्याअभावी फेरी चुकणार असेल तर डॉक्टरांना किंवा आशाताईंना आधीच सांगावे. अपघात, प्रसूती किंवा छातीत दुखणे अशा प्रसंगी बसची वाट न पाहता 108 वर फोन करावा.

संध्याकाळी परतीची एसटी अमडापूरला थांबते आणि सकाळचीच पिशवी घेऊन रुग्ण उतरतो. दोन दिवसांनी त्याला पुन्हा त्याच थांब्यावर उभे राहायचे असते. त्या दिवशी गाडी वेळेवर आली, तरच त्याचा उपचार चालू राहतो.