‘का’ तर आपलाच!

वडाळा रोडला गर्दीतून दाराकडे सरकताना आपण ‘उतरायचंय’ म्हणतो. टोकियोच्या लोकलमध्ये त्यासाठी ‘ओरिमासु’ पुरतं. आधी एक ‘सुमिमासेन’ (माफ करा) लावा. हॉटेलात वेटरला हाक मारायलाही हाच शब्द.

जपानी वाक्य मराठी कानाला फार परकं वाटत नाही. क्रियापद शेवटी, आणि प्रश्न विचारायला त्यापुढे चक्क ‘का’! ‘एकि वा दोको देसु का?’ म्हणजे स्टेशन कुठे आहे? ‘इकुरा देसु का?’ म्हणजे केवढ्याला? (‘देसु’चा उच्चार ‘देस’सारखा होतो.) आपल्या चा-ची-चेचं काम तिथे एकटा ‘नो’ करतो. व्याकरणात एवढी सवलत इंग्रजीनेही आपल्याला दिली नव्हती.

शाकाहाऱ्यांनी मात्र ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’ (मांस आणि मासे खात नाही) पाठच करावं. तरीही मिसो सूप जपून, कारण त्याच्या ‘दाशी’त, म्हणजे मूळ रश्श्यात, बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो.

जपानी उच्चार आधी कानावर पडायला हवेत? वरळीच्या निप्पोनझान म्योहोजी या जपानी बौद्ध मंदिरात संध्याकाळी ढोलाच्या ठेक्यावर जप चालतो. थोडा वेळ बसून या.