विसरलेलं जर्मन आणि शाळेतल्या विभक्त्या

एकदा शिकलेली भाषा वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा हातात घेतली की एक गंमत लक्षात येते. कान आधी जागे होतात, हात मात्र झोपलेलेच राहतात. जर्मन वाक्य ऐकलं तर अर्थ लागतो. पण चार ओळींची चिठ्ठी लिहायला बसलं की गाडी अडते. ‘देअर’, ‘दी’ की ‘दास’? आणि मग ‘देन’ की ‘देम’? शब्द हळूहळू आपले आपण परत येतात. व्याकरणाला मात्र हाताला धरून आणावं लागतं, आणि त्यासाठी सरावाला पर्याय नाही. हा सराव पुण्या-मुंबईबाहेर राहणाऱ्या बाईने करायचा कुठून, असा प्रश्न मला पडला तो आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेतल्या दोन मुलींमुळे.

दोघी नर्सिंग केलेल्या. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांचे वर्षाचे व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांवर नेणार असं जाहीर केलं. मग काय, आमच्याकडेही जर्मनच्या क्लासच्या पाट्या लागल्या! नर्स म्हणून मान्यता मिळायला तिथे साधारण बी-टू पातळीची भाषा लागते, म्हणजे ए-वन, ए-टू, बी-वन यांच्याही पुढची पायरी. यातल्या एकीच्या वडिलांनी हातउसने पैसे घेऊन एका क्लासची फी भरली. दीड महिन्यात हातात पडला झेरॉक्सचा गठ्ठा. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा... आणि उत्तरं कुठेच नाहीत! “काकू, तुम्ही कॉलेजात जर्मन केलं होतं ना?” असं म्हणत पोरगी आली, आणि मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

जुनी पुस्तकं टाकू नका, हे आधी सांगते. माझ्या पुस्तकातल्या नकाशात अजून दोन जर्मनी आहेत, राजधानी बॉन आहे आणि दुकानात भाजी मार्कमध्ये मिळते. पण विभक्त्या बदललेल्या नाहीत. बदललं ते शुद्धलेखन. त्याचे नवे नियम १९९६ साली ठरले आणि १ ऑगस्ट १९९८ पासून लागू झाले. पूर्वी ‘दास’ म्हणजे ‘की’ हा शब्द त्या बी-सारख्या दिसणाऱ्या विशेष अक्षराने लिहायचे. आता ऱ्हस्व स्वरानंतर दोन एस येतात. रस्त्याला म्हणतात ‘श्ट्रासं’, त्यात स्वर दीर्घ, म्हणून तिथे ते अक्षर अजून आहे. एवढं पेन्सिलीने दुरुस्त केलं की जुनं पुस्तक सरावाला चालतं.

नवं घ्यायचं तर दुकानात आधी शेवटची पानं उघडून बघा. उत्तरं आहेत का? एकटीने शिकणाऱ्या बाईला धड्यापेक्षा उत्तरांची जास्त गरज असते. ड्रायर आणि श्मिट या जोडीचं व्याकरणाचं सरावपुस्तक नावाजलेलं आहे. पण त्याची उत्तरं वेगळ्या पुस्तिकेत असतात, ती मागून घ्यावी लागते. शिवाय ते अगदी पहिलीच्या मुलीसाठी नाही, ए-टू झालेल्या बाईला ते मानवतं.

इंटरनेटवर फुकट आणि भरवशाचंही बरंच आहे. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोज वेग’ नावाची मालिका आहे. स्पेनहून आलेल्या निकोची बॅग विमानतळावरच हरवते आणि तिथून गोष्ट सुरू होते. ए-वनपासून बी-वनपर्यंत, प्रत्येक भागाला व्याकरण आणि सराव. जर्मनीतल्या प्रौढ शिक्षण केंद्रांचं, म्हणजे फोल्क्सहोखशूलंचं शिक्षण पोर्टलही विनामूल्य आहे. शुबर्ट प्रकाशनाच्या संकेतस्थळावर पातळीवार सराव आहे, दिसायला अगदी साधा, पण मला तोच आवडतो. चित्रं नाहीत, गाणी नाहीत. रिकामी जागा भरा, बरोबर की चूक लगेच कळतं.

पण खरं सांगू? या सगळ्यापेक्षा जास्त उपयोग झाला तो सातवी-आठवीच्या मराठी व्याकरणाचा. आमच्या मुली जर्मन शिकत होत्या इंग्रजीतून. इंग्रजीत ना चमच्याला लिंग, ना सुरीला! म्हणून त्यांना सगळं अघोरी वाटत होतं. आपल्याकडे तो चमचा, ती सुरी, ते ताट असतंच की. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, एवढाच फरक. मुलगी म्हणजे ‘मेडशन’, ती नपुंसकलिंगी म्हटल्यावर दोघी हसल्या. मग मी विचारलं, आपलं लेकरू, पिल्लू, कोकरू कोण? ‘शन’ लावून लहान केलेलं सगळंच जर्मनमध्ये नपुंसक.

विशेषणांचं तेच. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. जर्मनमध्ये ‘गूटर’, ‘गूटं’, ‘गूटस’. आणि ‘ला’ लागला की आपल्याकडे तिन्हींचं ‘चांगल्या’ होतं ना? तसंच तिथेही चतुर्थीत ‘देम’, ‘देअर’ यांच्यापुढे तिन्ही लिंगांना ‘गूटन’. ‘कारण’ने सुरू होणारं वाक्य तर शब्दाला शब्द जुळतं. ‘कारण मी आज घरी आहे’, ‘वाइल इश होयटं त्सू हाउजं बिन’. क्रियापद शेवटी!

मराठी फसवते ती एकाच ठिकाणी. शाळेच्या तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींना ‘स, ला, ते’. आपण ‘शिक्षकाला विचारते’ म्हणतो, ‘शिक्षकाला उत्तर देते’ही म्हणतो. जर्मनमध्ये विचारताना ‘देन लेरर’, उत्तर देताना ‘देम लेरर’. मदत करणं, आभार मानणं ही क्रियापदंही चतुर्थीची. यासाठी कुठल्याच पुस्तकात मराठीतून सराव मिळेना, म्हणून मीच वही केली. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे जर्मन, मधली घडी दुमडायची. रोज दहा वाक्यं. पेशंटला औषध देते, पेशंटला उठवते, आजींना मदत करते... वाक्यं मुलींच्याच कामातली घेतली. औषध देताना पेशंट चतुर्थीत, उठवताना द्वितीयेत. उत्तरं त्या जर्मन पुस्तकातून ताडून बघतात.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्या मॅक्सम्युलर भवनाच्या परीक्षेचे नमुनापेपर उत्तरांसकट फुकट मिळतात. ए-वनला शंभरपैकी साठ गुण हवेत आणि लेखनात साधारण तीस शब्दांची चिठ्ठी असते. ती घड्याळ लावून लिहायची. धाकटीची आता वेळेत होते, थोरली अजून ‘देन’-‘देम’पाशी पेन थांबवते.

पुढच्या आठवड्यात ‘वेन’ आणि ‘आल्स’ घ्यायचेत. भूतकाळात एकदाच घडलेल्या गोष्टीला ‘आल्स’, पुन्हा पुन्हा घडणारीला ‘वेन’. मराठीत दोन्हींना ‘जेव्हा’च, तेव्हा वहीत दोन पानं वाढणार.