विमान आणि घार

आमच्या शेतावरून विमान जाते. ते काकडीला उतरते. काकडी म्हणजे खायची नव्हे, गाव आहे. तिथे शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. तेव्हा धावपट्टी २५०० मीटर लांब होती.

पक्षी पाहून माणसाला उडावेसे वाटले. पण हाताला पंख बांधून उडता येत नाही, तेवढी ताकद आपल्यात नसते. घार पंख न हलवता तरंगते, तसेच विमानाचे पंख स्थिर असतात. इंजिन विमानाला जोरात पुढे नेते, पंख हवा खाली लोटतात, म्हणून विमान वर उचलले जाते. अमेरिकेत राइट बंधूंचे विमान १७ डिसेंबर १९०३ ला पहिल्यांदा उडाले, फक्त १२ सेकंद! तेवढ्यात माझा बाराचा पाढासुद्धा होत नाही.

पण त्याच घारीची विमानाला भीती असते. ती इंजिनात शिरली तर आतली पाती मोडू शकतात.

श्रावणात आमची शेळी मेली. दादाने ती ओढ्यात टाकली. लगेच घारी घिरट्या घालू लागल्या. मी आजोबांना इंजिनाचे सांगितले. ते म्हणाले, "आरं, मग पुरायची व्हती ना!" आम्ही खड्डा खणून शेळी पुरली. संध्याकाळी विमान आले तेव्हा वर एकही घार नव्हती.