माळ्यावरची पेटी आणि क्लारा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून माझी पेटी खाली काढली. भाता फाटलेला, दोन पट्ट्या दबलेल्या. लेक म्हणाली, “आई, तू वाजवायचीस? मग सोडलीस का?” काय सांगणार? लग्न झालं, मुलं झाली, सासूबाईंचं दुखणं आलं. घरात कुणी कधी ‘वाजवू नकोस’ म्हटलं नाही. पण सुटली, एवढं खरं.

त्या रात्री मला क्लारा शुमान आठवली. पियानो वाजवणारी जर्मन कलावती. १३ सप्टेंबर १८१९ ला लाइपझिग शहरात जन्मली. चार वर्षांची होईपर्यंत ती नीट बोलतही नव्हती. वडील फ्रीडरिश वीक पियानोचे नावाजलेले शिक्षक. क्लारा पाचेक वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले आणि ती वडिलांकडे राहिली. त्यांनी तिला घडवलं, पण मुठीतही ठेवलं. तिची रोजनिशीसुद्धा सुरुवातीला तिच्या नावाने तेच लिहायचे! नवव्या वर्षी ती जाहीर कार्यक्रमात वाजवू लागली. अठराव्या वर्षी व्हिएन्नाच्या राजदरबाराने तिला मानाची पदवी दिली.

पुढे वडिलांचाच शिष्य रॉबर्ट शुमान याच्यावर तिचं मन जडलं. वडिलांचा कडाडून विरोध. प्रकरण कोर्टात गेलं, निकाल दोघांच्या बाजूने लागला आणि १८४० मध्ये, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी लग्न झालं.

मैत्रिणींनो, खरी गोष्ट इथून सुरू होते. चौदा वर्षांत आठ बाळंतपणं. रॉबर्ट संगीतरचना करायला बसला की घरात शांतता हवी, म्हणजे क्लाराचा पियानो बंद! तरी दिवस राहिलेले असतानाही तिने कार्यक्रम केले. १८४९ मध्ये ड्रेस्डेन शहरात उठाव झाला तेव्हा तिने नवऱ्याला सुरक्षित जागी पोहोचवलं आणि सातव्या महिन्यात, गोळीबार चालू असताना, मागे राहिलेल्या मुलांना आणायला ती परत शहरात गेली.

१८५४ मध्ये रॉबर्टने मनाच्या आजारात ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं, पण पुढची अडीच वर्षं तो मनोरुग्णालयात होता. डॉक्टरांनी क्लाराला भेटू दिलं ते थेट त्याच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी. त्या वेळी ती छत्तीस वर्षांची होती. पदरात सात मुलं, कारण एक तान्हेपणीच गेलं होतं. मुलांना सांभाळायला नोकरमाणसं, नातेवाईक, ओळखीची घरं शोधून ती गावोगावी, देशोदेशी कार्यक्रम करत फिरली. घर तिच्या दहा बोटांवर चाललं. पुढे आणखी तीन मोठी मुलं तिच्या डोळ्यांदेखत गेली, नातवंडांचा भार आला. १८७८ मध्ये फ्रँकफुर्टच्या संगीत विद्यालयाने तिला शिक्षिका म्हणून बोलावलं. तिने शेवटचा जाहीर कार्यक्रम केला तो १८९१ मध्ये. १८९६ मध्ये ती गेली. तिच्या १३००हून अधिक कार्यक्रमांच्या छापील पत्रिका जपून ठेवलेल्या आहेत. युरो येण्याआधी जर्मनीच्या १०० मार्कांच्या नोटेवर क्लाराचा चेहरा होता आणि मागच्या बाजूला पियानो!

पण मला चटका लागतो तो वेगळ्याच गोष्टीचा. क्लारा स्वतः उत्तम रचना करायची. सोळाव्या वर्षी तिने आपली मोठी रचना वाद्यवृंदाबरोबर वाजवली, तेव्हा संचालन केलं होतं थोर संगीतकार मेंडेल्सोनने. तीच मुलगी वीस वर्षांची झाल्यावर रोजनिशीत लिहिते, की बाईने रचना करण्याची हौस धरू नये, आजवर कुणा बाईला जमलं नाही, मग मलाच कसं जमेल? रॉबर्ट तर तिला लिहायला सांगत होता! तरी त्याच्या मृत्यूनंतर तिने रचना करणं जवळजवळ थांबवलं.

बघा, संकटं तिचा पियानो थांबवू शकली नाहीत. थांबली ती रचना. वेळ नव्हता, पोटाची काळजी होती, हे खरंच. पण ‘हे बायकांचं काम नाही’ हे तिच्या स्वतःच्या मनातही बसलेलं होतं. बचत गटाच्या कामात मला हेच रोज दिसतं. हिशोब चोख ठेवणारी बाई अध्यक्ष व्हायची वेळ आली की म्हणते, “मला नाही बाई जमायचं.” तिला कुणी अडवलेलं नसतं. माझ्या पेटीलाही कुणी अडवलं नव्हतं.

पेटी दुरुस्तीला टाकली आहे. बोटं आता जड झालीत, सूर लागायला वेळ लागेल. लागू दे. तुमच्या माळ्यावर काय आहे, एकदा बघाल का?