बुरशीची अभ्यासक, फौजेची अधिकारी

महायुद्धातल्या स्त्रिया म्हटलं की आपल्याला आधी परिचारिका आठवतात. मला मात्र हेलन ग्विन-वॉन यांच्याबद्दल सांगायचंय.

जन्म १८७९, लंडन. विषय वनस्पतिशास्त्र, त्यातही बुरशी! १९०९ मध्ये त्या बर्कबेक कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणूनही झटल्या. १९१५ मध्ये पती क्षयाने गेले.

पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्त्रियांचं सहाय्यक दल उभारलं. कारकून, स्वयंपाकी, ड्रायव्हर ही कामं बायकांनी घ्यायची आणि तिथले पुरुष आघाडीवर जायचे. फ्रान्समधल्या दलाच्या प्रमुख हेलनबाई. तिकडे या मुलींच्या चारित्र्याबद्दल घाणेरड्या अफवा उठल्या. चौकशी समिती नेमावी लागली आणि अफवा खोट्या निघाल्या. १९१८ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या अ‍ॅबव्हिलवरच्या बॉम्बहल्ल्यात दलातल्या नऊ जणी मारल्या गेल्या. बदनामीला याहून सणसणीत उत्तर कुठलं असणार?

सप्टेंबर १९१८ पासून त्यांनी हवाई दलाच्या महिला शाखेची धुरा सांभाळली. मग पुन्हा प्रयोगशाळा, प्राध्यापकपद, बुरशीच्या अभ्यासकांच्या ब्रिटिश मायकॉलॉजिकल सोसायटीचं अध्यक्षपद. १९३९ मध्ये साठीत परत गणवेश चढवला, एटीएस या महिला दलाच्या पहिल्या संचालक म्हणून. याच दलात पुढे राजकन्या एलिझाबेथ दाखल झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर बरीच वर्षं हेलनबाईंनी सैनिकांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या संस्थेत मानद काम केलं. १९६७ मध्ये निधन झालं. बुरशीच्या एका प्रजातीला त्यांचं नाव दिलेलं आहे.