मोडकी विमानं आणि बंगळुरूचे हात

बंगळुरूला कधी गेलात, तर जुन्या विमानतळाच्या रस्त्यावरचं एचएएलचं विमान संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. मुलं विमानांसमोर फोटो काढतील, कॉकपिटमध्ये डोकावतील. मग एखादं मूल विचारेल, "हा कारखाना इथेच का? समुद्र नाही, सीमा नाही, मग बंगळुरूच का?"

या प्रश्नाच्या उत्तरात एक सोलापूरचा माणूस आहे, एक कोल्हापूरकडचा शास्त्रज्ञ आहे आणि उतरणीला लागलेलं एक साम्राज्य आहे.

विमानं त्यांची, आकाशही त्यांचंच

भारतात लष्करासाठी विमान वापरून पाहण्याचा एक अगदी पहिला प्रयोग आपल्या मराठवाड्यात झाला. १९११च्या जानेवारीत औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, ब्रिटिश घोडदळाचा युद्धसराव चालू होता. त्यात ब्रिस्टल कंपनीचं 'बॉक्सकाइट' विमान आकाशातून टेहळणी करत होतं. लाकूड आणि कापडाचं ते विमान चालवत होता हेन्री जुलेरो नावाचा फ्रेंच वैमानिक. निरीक्षक म्हणून सोबत होता कॅप्टन सेफ्टन ब्रँकर. विमान इंग्लंडचं आणि त्यात बसणारेही बाहेरचेच. भारतीयांनी खालून पाहायचं, एवढंच.

पुढची वीस वर्षं चित्र फारसं बदललं नाही. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ला झाली आणि पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ला कराचीत उभी राहिली. तिच्याकडे होती फक्त चार 'वापिती' विमानं. १९३९मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं, तेव्हाही एवढ्या मोठ्या देशाच्या हवाई दलात एकच तुकडी होती. आणि विमान बनवणारा कारखाना तर एकही नव्हता. विमानं इंग्लंडहून यायची आणि इथे फार तर त्यांची दुरुस्ती व्हायची.

विमानात सुचलेला विमान कारखाना

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२चा, सोलापूरचा. रेल्वेच्या बांधकामात त्यांनी नाव कमावलं होतं. १९१९मध्ये सिंदिया कंपनीच्या जहाजातून ते ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीसमोर उभे राहिले होते. साहेब 'नाही' म्हणाला की यांचा हट्ट अधिकच वाढायचा!

१९३९च्या ऑक्टोबरमध्ये ते अमेरिकेहून हाँगकाँगला विमानाने निघाले होते. प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी माणसाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमान कारखाना चालवत होते. वालचंदांनी विचारलं, असा कारखाना भारतात का निघू नये? पॉली तयार झाले.

तयार नव्हतं ते सरकार. युद्ध युरोपात आहे, तिथली यंत्रसामग्री इकडे कशाला वळवायची, असा सूर होता. पण १९४०च्या जूनमध्ये फ्रान्स पडला. ब्रिटन एकटं उरलं आणि स्वतःलाच विमानं पुरेनाशी झाली. वर्षभर अडलेली परवानगी तेव्हा मिळाली.

आता जागा हवी होती. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी वेळ दवडला नाही. बंगळुरूच्या कडेला सुमारे ७०० एकर जमीन आणि स्वस्त वीज त्यांनी देऊ केली. संस्थानही भागीदार झालं. शहर समुद्रकिनाऱ्यापासून आत, त्यामुळे शत्रूच्या माऱ्यापासून दूर. शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज होती आणि भारतीय विज्ञान संस्था शहरातच होती. मुलांच्या 'बंगळुरूच का?' या प्रश्नाचं हेच उत्तर.

२३ डिसेंबर १९४०ला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' कंपनीची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल होतं ४ कोटी रुपये. १९४१मध्ये इथे जोडलेलं पहिलं 'हार्लो' प्रशिक्षण विमान उडालं आणि ३१ जुलै १९४२ला 'हॉक' हे लढाऊ विमान. सुटे भाग अमेरिकेचे होते, पण ते जोडणारे हात इथले होते.

कारखाना हातचा गेला

'हॉक' उडालं तेव्हा मात्र कारखाना वालचंदांचा राहिला नव्हता. जपान युद्धात उतरला होता. सिंगापूर आणि रंगून पडलं होतं. एप्रिल १९४२मध्ये कोलंबो आणि विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. त्याच महिन्यात सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. मोबदला मिळाला, पण लेकराला चालायला शिकवावं आणि ते दुसऱ्याने उचलून न्यावं, तसं झालं.

नवी विमानं बनवायचं काम मागे पडलं. १९४३पासून अमेरिकी हवाई सेना इथे दुरुस्ती करू लागली. कॅटलिना, डकोटा, लिबरेटर अशी युद्धात जखमी झालेली विमानं बंगळुरूला येऊ लागली. अपमान वाटावा असंच हे होतं. विमानं बनवायला निघालो आणि दुरुस्ती करत बसलो!

पण विचार करा, घरातला पंखा कुणाला नीट कळतो? विकत आणणाऱ्याला की उघडून दुरुस्त करणाऱ्याला? मोडकी विमानं सोडवता सोडवता कामगारांना विमानाची नस न् नस कळत गेली. युद्ध संपल्यावर याच शिकण्याचा उपयोग झाला.

कानपूरचं भंगार

'लिबरेटर' हे चार इंजिनांचं अमेरिकी बॉम्बफेकी विमान. अमेरिकेने ती ब्रिटनला उसनी दिली होती. युद्ध संपल्यावर ती परत द्यायची किंवा नष्ट करायची, असा करार होता. त्यामुळे ब्रिटिश हवाई दलाने जाता जाता कानपूरला ठेवलेली लिबरेटर पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मोडतोड केली.

स्वतंत्र भारताला बॉम्बफेकी विमानं हवी होती आणि तिजोरीत फारसे पैसे नव्हते. १९४८मध्ये बंगळुरूचे तंत्रज्ञ कानपूरला गेले. एका विमानाचा भाग दुसऱ्याला लावत त्यांनी भंगारातली विमानं जेमतेम उडण्यापुरती जोडली. मग कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या बंगळुरूला उडवत आणली. पूर्ण दुरुस्ती तिथे झाली. नोव्हेंबर १९४८मध्ये भारतीय हवाई दलाची पाचवी तुकडी या विमानांवर उभी राहिली. भंगार ठरलेली ती विमानं १९६८पर्यंत सेवेत राहिली.

आता स्वतःचं विमान

कारखान्यात सुरुवातीपासून एक मराठी शास्त्रज्ञ होते, डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर भागातले घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रँटल यांच्या हाताखाली शिकले होते. वायुगतिशास्त्रात प्रँटल म्हणजे गुरूंचे गुरू. १९४२मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्यातही घाटगे यांनी शिकवलं.

त्यांच्या आराखड्यावरून बनलेलं 'एचटी-२' हे दोन आसनी प्रशिक्षण विमान १९५१च्या ऑगस्टमध्ये उडालं. चालवत होते तेच जमशेद मुन्शी. पुढची तीस वर्षं आणि त्याहून अधिक काळ आपल्या हवाई दलाच्या वैमानिकांनी याच विमानावर पहिले धडे गिरवले. १९५९मध्ये नुकताच स्वतंत्र झालेला घाना हवाई दल उभं करत होता, तेव्हा त्यालाही ही विमानं दिली गेली. पुढे १९६४मध्ये घाटग्यांचं 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमान उडालं.

वालचंदांचं १९५३मध्ये निधन झालं. कारखाना त्यांना परत मिळाला नाही, पण त्यातून पहिलं भारतीय विमान उडालेलं त्यांच्या हयातीत झालं.

आता मुलांना सांगायला शेवटची एक गोष्ट. कानपूरच्या भंगारातलं एक लिबरेटर आज ब्रिटनमध्ये, रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात उभं आहे. ब्रिटिशांनी ते टाकून दिलं, बंगळुरूने दुरुस्त केलं, भारताने वर्षानुवर्षं वापरलं आणि १९७४ साली ते उडवतच ब्रिटनला भेट म्हणून पाठवलं. तिथे ते पाहायला येणाऱ्या मुलांनाही प्रश्न पडत असेल, हे अजून शाबूत कसं? त्याचं उत्तर बंगळुरूत आहे. पुढच्या वेळी तिकडे गेलात, तर आपल्या मुलांना ते नक्की सांगा.