हर्पिसचे फोड आणि एचआयव्ही

जननेंद्रियावर पाण्याचे बारीक फोड येतात, फुटून दुखऱ्या जखमा होतात, दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. हा जननेंद्रियाचा हर्पिस. छातीवर किंवा कमरेवर उठणारी नागीण वेगळी. तिचा विषाणूही वेगळा. 'डॉक्टर, उष्णतेने आले असावे,' असे म्हणत रुग्ण माझ्याकडे येतो, तोवर मेडिकलमधली दोन-तीन मलमे लावून झालेली असतात.

एरवी हर्पिसने सहसा जीवाला धोका नसतो. एचआयव्हीची जोड मिळाली की गोष्ट बदलते. एचआयव्ही ज्या सीडी-४ पेशींत शिरून वाढतो, त्याच पेशी हर्पिसशी लढायला फोडांच्या जागी गोळा होतात आणि जखम भरल्यावरही काही आठवडे तेथेच राहतात. म्हणून हर्पिस असणाऱ्याला एचआयव्ही जडण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. एचआयव्ही आधीच असेल आणि त्यावर उपचार चालू नसतील, तर फोड उठल्यावर रक्तातील एचआयव्हीचे प्रमाण वाढते. उलट प्रतिकारशक्ती खालावली की हर्पिस वारंवार उठतो. असे हे दुष्टचक्र आहे.

मग हर्पिसच्या गोळ्यांनी एचआयव्ही आटोक्यात येईल काय? आफ्रिकेतील सात देशांत सुमारे ३,४०० जोडप्यांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. असायक्लोव्हिरने जखमा पुष्कळ कमी झाल्या, आजार बळावण्याचा धोकाही सुमारे १६ टक्क्यांनी घटला; पण जोडीदाराला होणारी लागण थांबली नाही. म्हणजे ही गोळी हर्पिसला दाबते, एचआयव्हीवरचा खरा उपचार एआरटीच. सीडी-४ कितीही असले तरी एआरटी सुरू करावी, हे धोरण आपल्या देशात २०१७ पासून आहे. शासकीय केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्हीची लागण होत नाही.

तेव्हा वाचकहो, असे फोड आले तर लपवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या. शासकीय केंद्रात ती मोफत होते व गुप्त राखली जाते. फोड असताना संबंध टाळा, एरवी निरोध वापरा. जोडीदारावर लगेच संशयही घेऊ नका, कारण हर्पिस अनेक वर्षे शरीरात लक्षणांविना राहू शकतो. एआरटी चालू असेल तर बरे वाटते म्हणून गोळ्या सोडू नका. लाजेपायी मलमांवर घालवलेले महिने विषाणूच्याच पथ्यावर पडतात.